ऑनलाइन क्लास म्हणजे पैरा: मास्तरांची पाळी कुठली, पोरांची पाळी कुठली

आमच्या कोल्हापूर भागात शेतात पैरा करतात. आज चार घरची माणसं तुमच्या रानात भांगलायला, उद्या तीच चार घरं माझ्या रानात, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, आपली पाळी आली की खुरपं घेऊन जायचं एवढंच. पैरा भांडणानं मोडतो असं मला फार कमी दिसलंय. कुणी कधी यायचं हे नीट ठरलेलं नसलं की मोडतो. एक जण वाट बघत बसतो, दुसऱ्याला वाटतंय आपल्याला बोलवलंच नाही, आणि तण वाढत राहतं.

ऑनलाइन शिकण्याशिकवण्याचं अगदी हेच होतंय. मी ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना पुस्तपालन शिकवते, २०२० साली सगळ्यांसारखीच अचानक फोनसमोर बसले, आणि आता संध्याकाळची एक ऑनलाइन बॅच कायमची चालवते, त्यात १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देणारे, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारे, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या ताई असे सगळे असतात. मधे स्वयम् वर (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) एक कोर्स करून मी स्वतःही विद्यार्थी झाले, त्यामुळं स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना बसून बघितलंय. खाली लिहिलंय ते सगळं वापरून बघितलेलं आहे. शिक्षक असाल, विद्यार्थी असाल किंवा घरात शिकणारं पोरगं असेल, तर आपापला वाटा उचला आणि समोरच्याचा वाटाही वाचून ठेवा, कारण समोरच्याचं काम काय हे माहीत नसलं की आपण त्याला उगाच दोष देत बसतो.

मी दिलाय असा दोष. पहिल्याच वर्षी गगनबावड्याकडचा एक मुलगा, कॅमेरा कायम बंद, विचारलं तर उत्तर नाही, मी महिनाभर त्याच्यापुढं गैरहजर लिहीत गेले. नंतर वही बघायला मिळाली तर सगळी गणितं सोडवलेली, अक्षर एकसारखं. त्याच्या घरात रेंज नव्हती, तो टेकाडावर जाऊन ऐकायचा, पावसात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आणि बोलायला गेलं की आवाज तुटायचा म्हणून गप्प बसायचा. त्यानं मला सांगितलं नाही, मी त्याला विचारलं नाही. त्या दिवसापासून मी पहिली पायरी कधीच गाळत नाही.

शिकवायच्या आधी विचारा

बॅच सुरू होण्याच्या आठ-दहा दिवस आधी प्रत्येकाकडून सहा गोष्टी लिहून घ्या. फोन कुणाचा आहे, स्वतःचा का वडलांचा का भावंडांत मिळून एक. तो फोन घरात किती ते किती असतो. रोजचा डेटा किती. रेंज घरात येते का बाहेर जावं लागतंय. बसायला जागा कुठली, आणि तिथं बोलता येतंय का. घरचं किंवा नोकरीचं ठरलेलं काम कुठल्या वेळेला असतं. गुगल फॉर्म करा नाहीतर सरळ फोन करून विचारा, फोन जास्त बरा, कारण फॉर्ममधे माणसं 'सर्व ठीक' लिहून मोकळी होतात.

उत्तरं वाचली की वेळापत्रक आपोआप बदलतं. माझ्या एका बॅचला मी संध्याकाळी सहा ठेवली होती, मला सोयीची म्हणून. फॉर्ममधे निम्म्या पोरांनी लिहिलं की सहा ते साडेसात धारा काढायच्या आणि डेअरीला दूध घालायचं, फोन वडलांबरोबर जातो. मग आठ केली. एका मुलीनं तर लिहिलं, "मॅडम, लाईट रात्रीची असली की मी आबांबरोबर दारं धरायला जातो." (दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी पाजणं. आणि आमच्याकडं पोरीपण जातो-येतो असंच म्हणतात.) शेतीपंपाची लाईट एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री, मग तिचा आठवडा कसा जाणार हे मला आधी कळलं म्हणून तिला त्या आठवड्याचं रेकॉर्डिंग आणि एक दिवस जास्त मुदत असं ठरवता आलं.

विद्यार्थ्यांचा वाटा इथं एकच, खरं सांगायचं. डेटा नाही, फोन नाही, खोली एकच आहे, हे सांगायला लाज वाटते हे मला समजतं, पण शिक्षकाला दिसत नाही ते तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसं. ग्रुपवर नको वाटलं तर एकट्याला मेसेज करा. आणि शिक्षकांनी ही माहिती वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायची नाही, कुणाचं घर कसं आहे ते बाकीच्या चाळीस जणांना कळायचं काही कारण नाही.

एका पानाचा ठराव

पहिल्या तासाला धडा काढू नका. पहिला तास ठरावाला द्या. पुस्तपालनात आम्ही शिकवतो की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे, एक जमा. ठरावाचं पान तसंच आखा, डावीकडं शिक्षकाचं काम, उजवीकडं विद्यार्थ्याचं, आणि एकही ओळ एकट्या बाजूची ठेवायची नाही. एखाद्या ओळीला समोर जोडीदार सापडत नसेल तर तो नियम कुणीतरी दुसऱ्यावर लादलेला आहे असं समजा आणि खोडा.

आमच्या मागच्या बॅचच्या पानावरच्या काही ओळी देते, तुम्ही तुमच्या बदला:

शिक्षक आदल्या रात्री नऊच्या आत उद्याचं एक पान टाकतील. विद्यार्थी क्लासला यायच्या आधी ते पान वाचून एक तरी प्रश्न वहीत लिहून ठेवतील.

शिक्षक ठरल्या मिनिटाला सुरू करतील आणि ठरल्या मिनिटाला थांबतील; विद्यार्थी पाच मिनिटं आधी जोडले जातील, नावाच्या जागी खरं नाव आणि रोल नंबर ठेवतील.

शिक्षक दिलेला गृहपाठ तीन दिवसांत तपासून परत देतील. विद्यार्थी त्यातली चूक दुरुस्त करून दोन दिवसांत पुन्हा पाठवतील.

शिक्षकांना क्लास रद्द करायचा असला तर दोन तास आधी कळवतील. विद्यार्थ्याला यायला जमणार नसलं तर तोही आधी कळवेल, कारण सांगायची सक्ती नाही.

बारा-पंधरा ओळींच्या वर जाऊ नका. आणि हे पान तुम्ही घरून टाईप करून आणलं तर पोरं 'ओके मॅडम' म्हणतील आणि विसरतील, म्हणून त्यांच्यासमोर लिहा, त्यांना ओळी सुचवू द्या. तीन दिवसांत तपासून द्यायची ओळ माझ्या पोरांनीच घातली. मी आठ दिवस म्हणत होते, एक जण म्हणाला, "मॅडम, आठ दिवसांनी आम्हाला काय चुकलंतं तेच आठवत नाही." बरोबर होतं त्याचं.

वेळ आणि डेटा

जुलै २०२० मधे केंद्राच्या शिक्षण खात्यानं प्रज्ञाता नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं आणि नववी ते बारावीसाठी जास्तीत जास्त चार सत्रं असं होतं, बालवाडीच्या लेकरांना तर अर्ध्या तासाच्या वर नाही. साथ गेली, शाळा उघडल्या, पण मी तो आकडा अजून धरून आहे, कारण पंचेचाळीस मिनिटांनंतर माझाच आवाज मला यांत्रिक वाटायला लागतो, मग ऐकणाऱ्याचं काय होत असेल. झूमच्या फुकट प्लॅनमधे मीटिंग चाळीस मिनिटांनी बंद होते, ती अडचण न मानता तेवढ्याचाच तास आखा.

आता डेटाचा हिशेब. व्हिडिओ चालू ठेवून एक तासाचा ग्रुप कॉल साधारण पाऊण जीबीपासून पुढं खातो, चांगल्या क्वालिटीला दीड-दोन जीबीपर्यंत जातो. फक्त आवाज ठेवला तर तासाला साधारण ३० ते ४५ एमबी. ज्या घरात रोजचा दीड जीबीचा पॅक आणि दोन भावंडं आहेत तिथं सगळ्यांचा कॅमेरा चालू ठेवायला लावणं म्हणजे एकाचा क्लास दुसऱ्याच्या डेटातून घेणं. शिक्षकांनी स्वतःचा चेहरा सुरुवातीची दोन मिनिटं दाखवावा, मग बंद करून नुसतं पान शेअर करावं, स्थिर पानाला डेटा कमी लागतो. रेकॉर्डिंग मोठ्या फाईलमधे टाकण्यापेक्षा दहा मिनिटांचं व्हॉइस रेकॉर्डिंग आणि फळ्याचे दोन फोटो, हे दोन्ही मिळून चार-पाच एमबीत बसतं आणि पोरं ते खरंच ऐकतात, शेतात, बसमधे, कुठंही. दिसायला ज्यांना त्रास आहे अशा मुलांनाही हेच सोयीचं पडतं, फक्त बोलताना 'हे इकडं बघा' न म्हणता 'नावे बाजूची तिसरी ओळ' असं म्हणायची सवय लावून घ्यावी लागते.

पोरांनी यूट्यूबचा धडा बघताना क्वालिटी स्वतः कमी करायची, १४४ किंवा २४० वर आकडे दिसत नसले तर ४८० करायची, त्याच्या वर जायची गरज अभ्यासाला नसते. आणि क्लास आठला असेल तर साडेसातपर्यंत रील बघून डेटा संपवायचा नाही, ही ओळ आमच्या ठरावात पोरांनीच घातली होती, मी नाही.

क्लासच्या आदल्या दिवशी आणि क्लासमधे

आदल्या रात्रीचं एक पान म्हणजे खरंच एक पान. त्यात उद्याची व्याख्या नको, उद्याचं एक उदाहरण द्या. घसारा शिकवायचा असला तर मी लिहिते: तुमच्या घरी चार वर्षांपूर्वी ८०,००० ची मोटारसायकल घेतली, आज ती तेवढ्यालाच जाईल का, नाही तर मधले पैसे गेले कुठं? एवढंच. पोरं घरात विचारतात, आबा सांगतात, काका वाद घालतात आणि क्लासला येतात तेव्हा निम्मा धडा झालेला असतो.

चाळीस मिनिटांची माझी मांडणी अशी आहे. पाच मिनिटं कालची चूक, म्हणजे गृहपाठात जास्तीत जास्त जणांनी केलेली एकच चूक, नाव न घेता. दहा मिनिटं नवीन भाग. पाच मिनिटं सगळ्यांनी आवाज बंद करून वहीत एक नोंद करायची, ही पाच मिनिटं मीही गप्प बसते आणि सुरुवातीला ती शांतता फार अवघड जाते, काहीतरी बोलावंसं वाटतं, पण बोलायचं नाही, पोरं लिहीत असतात. परत दहा मिनिटं. मग पाच मिनिटं चॅटमधे उत्तर, शेवटची पाच शंका.

"कळलं का?" हा प्रश्न ऑनलाइन विचारूच नका. वर्गात चेहरे दिसतात म्हणून तो चालून जातो, फोनवर त्याला 'हो मॅडम' सोडून उत्तर नाही. त्याऐवजी विचारा, "घसारा खातं कुठल्या बाजूला गेलं, आणि का, एका ओळीत लिहा." चाळीसपैकी पंधरा जणांनी नावेऐवजी जमेला लिहिलं तर तुम्हाला तिथल्या तिथं कळतंय की परत सांगायला पाहिजे. अशी तीन उत्तरं ज्यानं तासभरात टाकली तो हजर, असा आमचा हजेरीचा नियम आहे, कॅमेरा सुरू होता का बंद ते बघत नाही. कॅमेरा फक्त तोंडी परीक्षेला. एका खोलीच्या घरात मागं आई भाकरी थापत असते, आजी झोपलेली असते, ते सगळ्यांना दाखवावं लागू नये.

नाव घेऊन विचारायचं तर आधी सांगून विचारा. उद्याच्या पाच जणांची नावं मी आदल्या रात्रीच ग्रुपवर टाकते. लाजरी पोरं त्यामुळं तयारीनं येतात, माईक आधी तपासून ठेवतात, आणि अचानक नाव आल्यावर जी धडधड होते आणि नेट गेल्याचं निमित्त करून माणूस बाहेर पडतो ते थांबतं.

विद्यार्थ्यांनी क्लासमधे काय करायचं? वही आणि पेन हातात पाहिजे, आधी हे. स्क्रीनशॉट काढला म्हणजे शिकलो असं होत नाही, मी कोर्स करताना पहिले दोन आठवडे नुसते स्क्रीनशॉट काढत गेले आणि असाईनमेंट उघडली तेव्हा काही आठवेना, मग सगळे व्हिडिओ परत बघायला लागले. बोलत नसाल तेव्हा माईक बंद. फोन डू नॉट डिस्टर्ब वर. हेडफोन असला तर एका कानात घाला, घरातल्यांनी हाक मारली तर ऐकू येतंय. झोपून ऐकू नका, भिंतीला टेकून बसा. आणि डोळ्यांसाठी सोपं, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचं काहीतरी बघायचं, समोरच्या घरावरची पाण्याची टाकी, झाड, काहीही.

एक गोष्ट मात्र मी फार गंभीरपणे सांगते. क्लासमधल्या कुणाचाही फोटो, आवाज, व्हिडिओ बाहेर जाता कामा नये. माझ्या ओळखीच्या एका मॅडमचा शिकवतानाचा स्क्रीनशॉट काढून कुणीतरी स्टिकर केला, तो तीन-चार ग्रुपमधे फिरला, त्यांनी पुढं सहा महिने कॅमेरा लावला नाही आणि आवाजातला मोकळेपणा गेला तो गेलाच. करणाऱ्याला ते एका मिनिटाचं काम वाटलं असेल. लिंक स्टेटसला टाकायची नाही, बाहेरच्या मित्राला द्यायची नाही. शिक्षकांनी वेटिंग रूम सुरू ठेवावी, रेकॉर्डिंग करत असाल तर सुरू करायच्या आधी सांगावं, आणि ते किती दिवस ठेवणार, कुणाला दिसणार हेही सांगावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागेल असं म्हटलंय, तेव्हा पोरांचे फोन नंबर, फोटो, घरची माहिती कुठल्याही नव्या ॲपवर भरायच्या आधी दोनदा विचार करा.

वही पाठवणं आणि तपासणं

ऑनलाइन शिक्षकांचा अर्धा वेळ अंधुक फोटो मोठे करून बघण्यात जातो. पोरांनो, दारापाशी उजेडात वही जमिनीवर ठेवा, फोन बरोबर वर धरा, चारी कोपरे आले पाहिजेत, आपल्या हाताची सावली पानावर पडू देऊ नका. पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात रोल नंबर आणि पान नंबर. स्कॅन करायचं ॲप वापरून सगळ्या पानांची एक पीडीएफ करा, गुगल ड्राइव्हच्या ॲपमधे ती सोय आहेच. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आकडे पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाईलचं नाव रोल नंबर आणि धडा, म्हणजे १४ घसारा. 'स्कॅन नवीन फायनल' अशा नावाच्या तीस फाईली आल्या की कुठली कुणाची शोधताना तपासायचा उत्साह जातो हो.

शिक्षकांनी पान लाल करायची गरज नाही. मी दोन खुणा करते, एक जिथं बरोबर विचार केलाय तिथं, एक सगळ्यात मोठ्या चुकीवर, आणि प्रत्येकाला एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज. चाळीस पोरं म्हणजे चाळीस मिनिटांचं बोलणं आणि वर तपासायचे दीड तास, तीन दिवसांत विभागून जमतंय. त्यातलं पहिलं वाक्य पोराचं नाव. आपल्याला एकट्याला उद्देशून कुणीतरी बोललं ह्याचा परिणाम ऑनलाइनमधे फार होतो, एका ताईंनी माझे सगळे मेसेज जपून ठेवलेत, परीक्षेच्या आधी परत ऐकतात. पण समोरची बाजूही तेवढीच पक्की पाहिजे, चूक दुरुस्त करून पाठवली नाही तर पुढचा गृहपाठ मी तपासत नाही, हे ठरावात लिहिलेलं असतं आणि मी ते पाळते.

शंका कशी विचारायची

"मॅडम चॅप्टर ३ कळला नाही." ह्याला मी काय उत्तर देणार? पूर्ण धडा परत? असा मेसेज आला की पूर्वी मी वैतागायचे, आता एक नमुना देऊन ठेवलाय. कुठलं उदाहरण, मी काय केलं, कुठं अडलो, मला काय वाटतंय. म्हणजे असं: "उदाहरण ४, तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नाही, ५०० चा फरक येतोय, उधार विक्री मी एकाच बाजूला लिहिली का?" आणि गंमत बघा, असं लिहायला बसलं की निम्म्या शंका लिहिता लिहिताच सुटतात, पोरं अर्धा मेसेज खोडून 'सापडलं मॅडम' लिहितात.

शंकेची वेळ ठरवा. आमच्याकडं क्लास नसलेल्या दिवशी आठ ते नऊ. रात्री अकराला मेसेज टाकायला हरकत नाही, शिफ्ट सुटून आलेला माणूस तेव्हाच बसणार, पण उत्तर दुसऱ्या दिवशी येईल हे त्याला माहीत पाहिजे. चोवीस तासांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करायचा हक्क विद्यार्थ्याला, आणि आठवण केली म्हणून राग न धरायचा नियम शिक्षकाला. एकमेकांच्या शंकांना पोरांनीच आधी उत्तर द्यावं, मी एक तासानं बघते.

कॉपी

ह्यावर फार बोललं जातंय आणि पोरांनाच शिव्या बसतात. प्रश्नपत्रिका अशी काढायची की उत्तर पहिल्या सर्चमधे सापडतंय, आणि मग पोरांनी सर्च केलं म्हणून रागवायचं, ह्यात शिक्षकाचा वाटा आहे की नाही? माझ्या एका गृहपाठाचं सांगते. आमच्याकडं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. प्रत्येकानं आपल्या घरच्या किंवा शेजारच्या दहा दिवसांच्या दूध बिलावरून रोजकीर्द (जर्नल) लिहायची, दुधाचे पैसे, पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्सची कपात, सगळं. आकडे खरे द्यायचे नसले तर बदला, पण मेळ बसला पाहिजे. दोन घरांची बिलं सारखी नसतात, त्यामुळं कॉपी करायला काही शिल्लकच राहत नाही, वर घरातले वडीलधारे पहिल्यांदा विचारतात, "हे शिकवतात व्हय तुम्हाला?" जनावरं नसलेल्या पोरांना किराणा दुकानाची उधारीची वही किंवा इचलकरंजीच्या मागाचा आठवड्याचा पगार.

चॅटजीपीटीबद्दल आमचा नियम साधा आहे. समजून घ्यायला विचारा, उत्तर लिहून घ्यायला नको, आणि विचारलं असेल तर गृहपाठाच्या खाली एक ओळ लिहा की काय विचारलं होतं. लिहिणाऱ्याचे मार्क कापायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वेळेपासून कुणी लिहिणार नाही. दर महिन्याला प्रत्येकाची तीन मिनिटांची तोंडी घेते, स्वतःच्याच वहीतली एक नोंद समजावून सांगायची. ज्यानं स्वतः केलंय तो अडखळत का होईना सांगतो.

समोर शिक्षकच नसेल तेव्हा

स्वयम् सारख्या ठिकाणी, २०१७ पासून ते सुरू आहे, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चेची जागा असे चार भाग असतात, आणि बहुतेक जण फक्त पहिला वापरतात. एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांचे स्वयम् वरचे कोर्स) बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी सगळ्यात चांगल्या आठ असाईनमेंट धरतात, त्यांचे २५ टक्के, उरलेले ७५ परीक्षेचे. म्हणजे चार आठवडे घरात लग्न, आजारपण काहीही निघालं तरी सावरता येतंय, पण ते चार आठवडे सुरुवातीलाच आळसात घालवू नका. चर्चेच्या जागेत आठवड्याला एक तरी प्रश्न टाका, तिथं शिकवणाऱ्यांची टीम उत्तरं देते, आणि कुणी विचारलंच नाही तर त्यांनाही कळत नाही कुठं अडतंय. ओळखीचे दोघं-तिघं मिळून एकच कोर्स घेतला तर उत्तमच, रविवारी सकाळी एकानं दुसऱ्याला एक व्हिडिओ समजावून सांगायचा.

पालकांचा वाटा

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. दंड पोराला नाही, मास्तरालाही नाही, पालकाला. त्या गावचे आपण आहोत म्हणून सांगते, ऑनलाइन क्लासला पोरगं बसलंय तेवढी चाळीस मिनिटं त्याला दुकानात पाठवू नका, टीव्हीचा आवाज कमी करा, फोन त्याच्या हातात असताना तुमचे कॉल थांबवा. मागं बसून उत्तरं सांगू नका. फोनवर अभ्यास सोडून दुसरंच चाललंय अशी शंका आली तर क्लासमधे येऊन ओरडू नका, चाळीस जण ऐकत असतात, नंतर बोला.

कुणी दिसेनासं झालं तर

दोन क्लास लागोपाठ न कळवता चुकले की तिसऱ्या दिवशी फोन करायचा. शिक्षकानं नाही तर जोडीदारानं. आम्ही सुरुवातीलाच चार-चार जणांचे गट पाडतो, जवळच्या गावांचे एकत्र, शिरोळचे शिरोळला, राधानगरी-भुदरगडचे एकत्र, आणि त्यातला एक जण दुसऱ्याची खबर घेतो. फोनवर पहिला प्रश्न "का आला नाहीस" हा नको. "बरं आहेस का" विचारा. कधी फोन बिघडलेला असतो, कधी घरात कुणी आजारी असतं, कधी एका गणितात अडकला आणि लाजेनं यायचा थांबला, हे शेवटचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडलंय. अशा पोराला मागचं सगळं भरून काढ असं सांगितलं की तो कायमचा जातो. त्याला सांगायचं, उद्याच्या क्लासचं पान वाच आणि ये, मागचं आपण रविवारी बघू.

आणि पुराचं. २०१९ आणि २०२१ बघितल्यावर हे वेगळं लिहायलाच पाहिजे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका असते. आमच्या ठरावात ओळ आहे: ३९ झाले की सगळ्या मुदती आपोआप थांबतात, कुणी अर्ज करायचा नाही, कुणी माफी मागायची नाही. चिखली-आंबेवाडीचं पोरगं तेव्हा जनावरं आणि सामान हलवत असतंय. लाईट जाते, टॉवर बंद पडतात, इंटरनेट जातं, पण साधा एसएमएस बऱ्याचदा पोचतो, म्हणून प्रत्येक गटानं चार नंबर कागदावर लिहून वहीच्या कव्हरात ठेवायचे, कारण फोनमधले नंबर फोन बंद पडला की उपयोगाचे नाहीत. पाणी उतरलं की पहिला क्लास धड्याचा नाही, कोण कुठं आहे, कुणाच्या वह्या-पुस्तकं गेली, ते विचारायचा आणि उरलेल्यांनी आपल्या वहीचे स्कॅन त्यांना द्यायचे.

दर पंधरा दिवसांनी

ठरावाचं पान परत उघडा. पंधरा मिनिटं पुरतात. दोन प्रश्न: कुठली ओळ आपल्याकडून पाळली गेली नाही, आणि कुठली ओळ बदलायला पाहिजे. सुरुवात शिक्षकानं स्वतःपासून करायची, म्हणजे "ह्या वेळी मी दोनदा तीन दिवसांच्या ऐवजी पाच दिवस घेतले" असं मी आधी म्हणते, मग पोरं मोकळेपणानं बोलतात. नाव न घालता लिहायचा एक फॉर्मही ठेवा, काही गोष्टी तोंडावर सांगता येत नाहीत. माझा बोलायचा वेग जास्त आहे हे मला तिथंच कळलं, आता प्रत्येक नोंद झाली की मी दहापर्यंत मनात मोजते.

पुढच्या बॅचचे फोन मी मे महिन्यातच करून घेते. जून लागला की गगनबावड्याकडं पाऊस सुरू होतो आणि तिकडच्या पोरांना फोन लागेपर्यंत दोन-दोन दिवस जातात.